व्हॉल्व्हच्या टीव्हीचे चित्र तापल्यावर खालून का दुमडते?

व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर) चालणारा जुना टीव्ही संच सुरू करताना चित्र ठीक असते, पण पंधरा-वीस मिनिटांत ते खालून आक्रसते आणि तळाशी दुमडून पांढरा पट्टा दिसतो, असे आपण लिहिले आहे. याचा दोष पिक्चर ट्यूबकडे जात नाही. तो व्हर्टिकल आउटपुटच्या, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणाऱ्या, भागात शोधावा. तेथील व्हॉल्व्हच्या, म्हणजे बहुधा पीसीएल ८०५ च्या, ग्रिडला (व्हॉल्व्हमधील प्रवाह नियंत्रित करणाऱ्या जाळीला) जोडलेला कागदी कपॅसिटर लीक होऊ लागला, म्हणजे अडवायचा डीसी प्रवाह झिरपू देऊ लागला, की ग्रिडचे व्होल्टेज धन बाजूला सरकते, व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त प्रवाह ओढतो आणि चित्राचा खालचा भाग दाबला जातो. म्हणून नवा व्हॉल्व्ह शोधत जुना बाजार पालथा घालण्यापूर्वी हा कपॅसिटर बदलावा. तेवढ्याच क्षमतेचा, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कपॅसिटर पुण्याच्या तपकीर गल्लीत किरकोळ किमतीत मिळावा. त्याच व्हॉल्व्हच्या कॅथोडला जोडलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही त्याच वेळी बदललेला बरा, कारण तो सुकला की चित्राची उंची घटते.

मात्र अशा संचांची चासी (धातूचा सांगाडा) बहुधा थेट मेन्सला, म्हणजे घरच्या वीजपुरवठ्याला, जोडलेली असते, त्यामुळे संचाला मेन्सपासून वेगळे ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय चालू संचाला हात लावू नये. शिवाय पिक्चर ट्यूबच्या अॅनोडवर (उच्च व्होल्टेजच्या टोकावर) संच बंद केल्यावरही हजारो व्होल्टचा भार टिकून राहतो, तो आधी डिस्चार्ज करावा.