चांगला ईआरए असूनही रिलीव्हरला वर का बोलावत नाहीत?

तुमचा प्रश्न असा: बेसबॉलमधल्या डरहॅम बुल्सचे सामने तुम्ही नेमाने बघता. हा मेजर लीग या सर्वोच्च लीगमधल्या टँपा बे रेज क्लबचा ट्रिपल-ए, म्हणजे एक पायरी खालचा, संघ. आठव्या-नवव्या इनिंगला येणारा एक रिलीव्हर, म्हणजे सामन्याच्या मधूनच बदली येणारा पिचर (चेंडू टाकणारा), क्वचितच धाव देतो, ईआरए (दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर लागणाऱ्या धावा) दोनच्या आत आहे, तरी टँपा बे रेज त्याला मेजर लीगमध्ये नेत नाहीत. त्याच संघातला दुसरा एक, ज्याचे आकडे याच्यापेक्षा वाईट आहेत, तो मात्र एकाच मोसमात तीन-चारदा वर जाऊन आला. हा अन्याय आहे का?

अन्याय वाटणं साहजिक आहे, पण आधी दोघांची नावं कुठल्या यादीत आहेत ते बघा. मेजर लीगच्या संघात एका वेळी २६ खेळाडू असतात आणि त्यांत जास्तीत जास्त १३ पिचर. त्यामागे ४० जणांची मोठी यादी असते. या चाळिसांत नाव असेल तरच खेळाडूला वर नेता येतं. तुमचा आवडता पिचर बहुधा या यादीबाहेर आहे. त्याला आत घ्यायचं आणि यादी भरलेली असेल, तर कुणाला तरी काढावं लागतं, आणि काढलेल्या खेळाडूला दुसरा कुठलाही क्लब उचलू शकतो. एका रिलीव्हरसाठी क्लब सहसा हा धोका पत्करत नाही.

तो दुसरा मुलगा चाळिसांत आहे आणि त्याचे ‘ऑप्शन’ शिल्लक आहेत. खेळाडूला तीन मोसमांपर्यंत खाली-वर करण्याची मुभा क्लबला असते. २०२२ पासून एका मोसमात पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही, आणि खाली पाठवलेल्या पिचरला निदान १५ दिवस तिथे राहावं लागतं. वरचा कुणी जखमी झाला तरच लवकर बोलावतात. काल रात्री वरच्या कुणी तीन इनिंग टाकल्या, त्याचा हात थकला, तर सकाळी त्याची रवानगी डरहॅमला आणि डरहॅमचा ताज्या हाताचा पिचर विमानात. इथे गुणवत्तेपेक्षा सोय जास्त बघितली जाते.

या ये-जा करण्याला कमी लेखू नका. २०२३ साली मायनर लीगच्या, म्हणजे मेजर लीगखालच्या पातळ्यांवरच्या, खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला. त्यात ट्रिपल-एचं किमान वार्षिक वेतन ३५,८०० डॉलर ठरलं. त्याच वर्षी मेजर लीगचं किमान वेतन ७,२०,००० डॉलर होतं, आणि ते दिवसांच्या हिशेबाने मिळतं. वरच्या संघात एकूण ४३ दिवस भरले की पेन्शनचा हक्कही लागतो. म्हणून विमानतळावर बॅग घेऊन धावणाऱ्या त्या मुलाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता ईआरएबद्दल. रिलीव्हर मोसमात जेमतेम साठ-सत्तर इनिंग टाकतो. एवढ्यात नशिबाचा भाग फार मोठा असतो. शिवाय बेसवर (धावताना थांबायच्या ठिकाणी) आधीच्या पिचरने सोडलेले दोन रनर असताना तो आला आणि त्याच्या चेंडूवर दोघेही धावून आले, तर त्या धावा आधीच्या पिचरच्या नावावर लागतात. याचा ईआरए कोराच राहतो. क्लबची माणसं वेगळं बघतात: समोर आलेल्या बॅटरपैकी किती जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं, किती जणांना वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकटचा बेस) दिला, आणि बॅट फिरवूनही चेंडूला न लागण्याचं प्रमाण किती. ट्रिपल-एच्या सामन्यांचा स्टॅटकास्ट (चेंडूचा वेग-वळण मोजणारी यंत्रणा) डेटा २०२३ पासून सगळ्यांना खुला आहे, तेव्हा हे तुम्हीही तपासू शकता. वॉक कमी पण स्ट्राइकआउटही कमी, असं दिसलं तर समजा की ट्रिपल-एचे बॅटर त्याचा चेंडू मारताहेत आणि तो फिल्डरच्या हातात जातोय. वर तोच चेंडू कुंपणापार जाईल अशी भीती क्लबला असते.

बहुतेक रिलीव्हर मुळात स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारे पिचर, असतात. स्टार्टरला त्याच बॅटरशी सामन्यात दोन-तीनदा गाठ पडते, म्हणून तीन-चार तऱ्हेचे चेंडू लागतात. ते जमत नाही असं दिसलं की त्याला बुलपेनमध्ये, म्हणजे रिलीव्हरांच्या ताफ्यात, पाठवतात. तिथे एकच इनिंग, त्यामुळे दम राखायचा नाही. वेग वाढतो आणि दोन तऱ्हेच्या चेंडूंवर भागतं.

पुढे न्यूयॉर्क यँकीजचा नामवंत रिलीव्हर झालेल्या मारियानो रिव्हेराचंच बघा. पनामातल्या पुएर्तो कायमितो या मासेमारीच्या गावातला हा मुलगा. १९९० मध्ये यँकीजने त्याला अवघ्या २,५०० डॉलरमध्ये घेतलं. पहिल्याच मोसमात, सगळ्यांत खालच्या लीगमध्ये, मुख्यतः रिलीव्हर म्हणून त्याने ५२ इनिंग टाकल्या आणि त्याच्या खात्यावर ईआरएत मोजली जाणारी एकच धाव लागली. तरी वर जायला पाच वर्षं गेली. दरम्यान त्याला स्टार्टर केलं, १९९२ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षी दोन नवे क्लब खेळाडू निवडत असताना यँकीजने त्याचं नाव राखूनही ठेवलं नाही. कुणीच त्याला उचललं नाही.

मे १९९५ मध्ये तो स्टार्टर म्हणून वर आला, मार खाल्ला, जूनमध्ये परत कोलंबसला, यँकीजच्या तेव्हाच्या ट्रिपल-ए संघात. आणि तिथे त्याचा वेग अचानक ताशी ९० मैलांच्या आसपासवरून ९५ वर गेला. डेट्रॉइटशी त्याच्या अदलाबदलीची बोलणी चालू होती. रडारचे आकडे बघून यँकीजचे जनरल मॅनेजर जीन मायकल यांनी ती थांबवली. वर्षअखेर त्याचा ईआरए ५.५१ होता, म्हणजे तुमच्या पिचरच्या दुपटीहून जास्त. पण त्या शरद ऋतूत प्लेऑफमध्ये रिलीव्हर म्हणून त्याने एकही धाव दिली नाही, आणि १९९६ मध्ये तो बुलपेनमध्ये स्थिरावला. ज्या कटरवर (शेवटच्या क्षणी किंचित वळणारा वेगवान चेंडू) पुढची कारकीर्द उभी राहिली, तो तर १९९७ मध्ये, वर पोचल्यावर, सहकाऱ्याबरोबर सराव करताना हाती लागला. पुढे ६५२ सेव्ह (आघाडी राखून सामना संपवणं) झाले.

उलट, झटपट वर पोचल्याचं उदाहरणही आहे. कुरासावचा केनली जॅन्सन २००९ पर्यंत कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) होता. बॅटिंग चालेना, पण हात दणकट, म्हणून डॉजर्सने त्याला पिचर केलं, आणि २०१० च्या जुलैत तो मेजर लीगमध्ये होता.

आपल्याकडचा रिंकू सिंग याच वाटेवर होता. उत्तर प्रदेशातला भालाफेकपटू, वेगाने चेंडू टाकणाऱ्यांच्या २००८ च्या स्पर्धेतून निवडला गेला, पायरेट्स या मेजर लीग क्लबकडे डावखुरा रिलीव्हर म्हणून त्यांच्या खालच्या पातळीवरच्या वेस्ट व्हर्जिनिया संघापर्यंत पोचला आणि मग दुखापतींनी अडला. बेसबॉल ज्याने विशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा हातात घेतला, त्याने तिथवर जाणं हे मला आजही फार मोठं वाटतं.

तुमच्या पिचरसाठी दोन तारखा लक्षात ठेवा. एक सप्टेंबरपासून वरच्या संघात २६ ऐवजी २८ जण घेतात, तेव्हा एका जादा पिचरला जागा मिळते. तेव्हाही नाव आलं नाही, तर डिसेंबरचा ‘रूल फाइव्ह’ ड्राफ्ट. चार-पाच वर्षं झालेल्या आणि चाळिसांत नसलेल्या खेळाडूला तिथे दुसरा क्लब घेऊ शकतो. अट एवढीच की पुढचा पूर्ण मोसम त्याला मेजर लीगच्या संघात ठेवायचं, नाहीतर मूळ क्लबला परत देऊ करायचं. स्टार्टर किंवा बॅटर असा वर्षभर सांभाळणं अवघड, एक रिलीव्हर त्यामानाने सोपा. म्हणून त्या दिवशी रिलीव्हर बरेच निवडले जातात. तुमच्या पिचरला किती वर्षं झाली ते आधी तपासून ठेवा.