पडदा भिंतीपासून किती अंतरावर होता?

तुमच्या पत्राची पहिली तीन पानं सिम्युलेटर कसा निवडला, प्रोजेक्टर कुठे टांगला आणि शेजारी मुळातच कसा भांडखोर आहे, यात गेली आहेत. ती मी एकदा वाचली. कामाचा मजकूर चौथ्या पानावर आहे, तोही कंसात: "(पहिल्याच आठवड्यात एक चेंडू उजव्या भिंतीवर बसला होता, म्हणून तिथे जाड पडदा लावला. पॅनलसाठी एका विक्रेत्याला ईमेल केला होता, पण रंग पसंत पडला नाही.)" तुमची सगळी केस या कंसात आहे.

इतर वाचकांसाठी हकीकत थोडक्यात. घरातल्या एका खोलीत गोल्फ सिम्युलेटर, म्हणजे समोरच्या पडद्यावर प्रोजेक्टरने मैदान दाखवायचं आणि त्यावर खराखुरा चेंडू मारायचा. पाच महिने खेळ चालला. मग एक चेंडू तिरका उडाला, जिप्सम बोर्डाची सामायिक भिंत फोडून आत गेला, आतल्या पाण्याच्या पाइपाचा सांधा निखळला आणि रात्रभर पाणी शेजारच्या घरात झिरपत राहिलं. तिकडचं लाकडी फ्लोअरिंग फुगलं, पुस्तकं भिजली. शेजाऱ्याची नोटीस आली. विमा कंपनीने पॉलिसीतल्या 'वाजवी खबरदारी'च्या अटीवर बोट ठेवून दावा नाकारला. वाचक विचारतात, आता लगेच भिंतींना संरक्षक पॅनल बसवून घेतली तर बाजू मजबूत होईल का?

होणार नाही. उलट या आठवड्यात कारागीर बोलावलात तर आहे ती बाजूही घालवून बसाल. कारण पुढे सांगते.

आधी शेजाऱ्याचं उरकून टाकू, कारण त्यात फारसं काही उरलेलं नाही. भिंतीपलीकडे उडालेल्या चेंडूवर न्यायालयांनी पूर्वीच बराच विचार केलेला आहे. इंग्लंडमध्ये 1951 साली 'बोल्टन विरुद्ध स्टोन' या खटल्यात क्रिकेटचा चेंडू मैदानाबाहेर जाऊन रस्त्यावरच्या बाईंना लागला, तरी नुकसानभरपाई मंजूर झाली नाही. तिथे तीसेक वर्षांत जेमतेम सहा वेळा चेंडू बाहेर गेला होता, म्हणजे धोका अगदीच विरळा होता. त्याआधी 1922 साली गोल्फच्या एका मैदानाबाहेर टॅक्सी चालवणाऱ्याचा डोळा चेंडू लागून गेला. त्या ठिकाणाहून चेंडू वारंवार रस्त्यावर येत असत, आणि तिथे मैदानवाल्यांना भरपाई द्यावी लागली. तुमच्या पत्रासोबतच्या फोटोत भिंतीवर मला चेंडूचे अकरा वळ मोजता आले. पाच महिन्यांत अकरा. तुम्ही कोणत्या खटल्याच्या जवळ आहात हे सांगायला वकील लागत नाही.

शिवाय तुम्ही शेजाऱ्याला "माझी चूक झाली, सगळं भरून देतो" असा मेसेज पाठवलेला आहे. माणूस म्हणून ते चांगलंच केलंत. पण बहुतेक पॉलिसींमध्ये कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायला किंवा परस्पर तडजोड करायला मनाई असते. कंपनीने दावा आधीच नाकारलेला असेल तर तिला ही मनाई पुढे करणं जड जातं, तरी ती प्रयत्न करणार. यापुढे शेजाऱ्याला जे काही लिहाल त्यावर 'हक्क व बचाव अबाधित ठेवून' हे शब्द असू द्या, आणि दिवाळखोरी जाहीर करायची नसेल तर रात्री अकरानंतर मेसेज लिहू नका.

आता मूळ प्रश्न. 'वाजवी खबरदारी'ची अट वाचताना लोक एक साधी गोष्ट विसरतात. दुसऱ्याच्या नुकसानीच्या जबाबदारीचा विमा माणूस मुळात स्वतःच्या निष्काळजीपणासाठीच उतरवतो. निष्काळजीपणा झाला म्हणून पैसे नाहीत, असं कंपनी म्हणू लागली तर हप्ते कशाचे घेतले? 1967 साली 'फ्रेझर विरुद्ध फर्मन' या निकालात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने नेमकं हेच उलगडून सांगितलं. प्रकरण मालकाच्या कामगारांविषयीच्या जबाबदारीच्या विम्याचं होतं, पण तत्त्व इथेही लागू पडू शकतं. नुसती हलगर्जी पुरेशी नाही. धोका प्रत्यक्ष ओळखून, आपण केलेला उपाय अपुरा आहे हे मनात माहीत असूनही 'होईल ते होईल' म्हणून पुढे जाणं, म्हणजे बेपर्वाई, दिसली तरच ही अट मोडली असं म्हणता येतं. तुमचं न्यायालय हा निकाल जसाच्या तसा उचलेल अशी हमी मी देत नाही. अटीची शब्दरचना पॉलिसीगणिक बदलते, आणि तुम्ही मला पॉलिसीचं फक्त पहिलं पान पाठवलं आहे. पहिल्या पानावर तुमचं नाव आणि कंपनीचं बोधचिन्ह सोडून काही नसतं.

तरी हाच धागा धरून पुढे जायचं, कारण दुसरा धागा नाही. भिंतीला पॅनल का नव्हती, हा प्रश्न इथे गौण आहे. तुम्ही लावलेला पडदा चेंडू अडवेल असं तुम्हाला खरोखर वाटत होतं का, यावर सगळं ठरेल.

म्हणून विचारते: पडदा भिंतीपासून किती अंतरावर होता?

हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. गोल्फचा चेंडू नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा आणि कमीत कमी 42.67 मिलिमीटर व्यासाचा असतो. ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबने (गोल्फच्या काठीने), चांगला हौशी खेळाडूही त्याला ताशी 200 किलोमीटरच्या पुढे पळवतो. एवढ्याशा जागेवर एवढा वेग आदळला की जिप्सम बोर्ड भोक पाडूनच उत्तर देतो. आयर्नने, म्हणजे धातूच्या पातळ पात्याच्या क्लबने, मारताना चेंडू पात्यावर न बसता पातं आणि दांडा जोडणाऱ्या गळ्यावर बसला की तो समोरच्या पडद्याकडे जातच नाही, उजव्या हाताच्या खेळाडूच्या उजवीकडे सणकन सुटतो. खेळणारे त्याला शँक म्हणतात. असा चेंडू अडवायला कापड चालतं, पण ते सैल सोडलेलं हवं आणि मागे मोकळी जागा हवी. कापड मागे झुलतं आणि झुलता झुलता वेग खातं. सरावाच्या जाळ्या याच तत्त्वावर चालतात. तेच कापड भिंतीला चिकटून असेल तर चेंडूच्या दृष्टीने तिथे पडदा नाहीच. भिंतच आहे, फक्त रंगीत.

तेव्हा पडदा छतातल्या हुकांवरून भिंतीपासून हातभर पुढे, सैल सोडलेला असेल, तर तुम्ही ओळखलेल्या धोक्यावर समंजस उपाय केला होता असं मला ठामपणे मांडता येईल. तो पुरला नाही, एवढंच. आणि तो भिंतीवर खिळे मारून ताणला असेल, तर मला फार नाजूक शब्दांत बोलावं लागेल, आणि न्यायाधीशांना नाजूक शब्दांचा अर्थ लगेच कळतो. त्यात ते अकरा वळ आडवे येतात. वळ पडदा लावण्याआधीचे की नंतरचे? नंतरचे असतील तर पडदा अडवत नाही हे भिंतच तुम्हाला सांगत होती. तुमच्या पत्रातून मला याचं उत्तर मिळत नाही, आणि ते तुम्ही लिहायचं विसरलात यावर माझा विश्वास बसत नाही.

दुसरा कागद म्हणजे तो ईमेल. रंग पसंत पडला नाही, हे कारण न्यायालयात ऐकायला बरं वाटणार नाही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे विक्रेत्याने उत्तरात काय लिहिलं होतं. बहुतेक विक्रेते खोलीचा फोटो मागवतात आणि माल खपवण्यासाठी हमखास लिहितात, 'नुसत्या पडद्याने भागणार नाही.' असं वाक्य त्यात असेल आणि तुम्ही ते वाचून खेळत राहिला असाल, तर कंपनीला हवी ती बेपर्वाई आयती मिळाली. उत्तरात फक्त रंग, मापं आणि दर असतील तर तोच ईमेल तुमच्या बाजूने बोलेल: माणूस चांगला उपाय शोधत होता, तोवर तात्पुरता उपाय केलेला होता. एकच ईमेल, दोन निकाल. मला त्याची पूर्ण साखळी हवी आहे, तुमचा सारांश नको.

आणि काही पुसू नका. सिम्युलेटरच्या संगणकात तुमच्या फटक्यांची नोंद तारखेसकट साठलेली असणार. मित्रांच्या ग्रुपवर टाकलेला तो 'पहिला शँक, भिंतीची वाट' हा फोटोही तिथेच राहू द्या. तो फोटो तुम्हाला त्रासदायक आहे. तो पुसल्याचा पुरावा त्याच्या दसपट त्रासदायक ठरेल. एक अशील असाच 'जागा कमी पडत होती' म्हणून फोन साफ करून माझ्याकडे आला होता. त्याच्या बाजूने एक शब्द काढायचीही सोय उरली नव्हती.

आता पॅनलकडे येते. आज बसवू नका असं मी म्हणाले, कारण पडद्याच्या हुकांची भोकं छतात अजून असतील आणि भिंतीपासूनचं त्यांचं अंतर हा या प्रकरणातला सर्वांत मौल्यवान पुरावा आहे. कारागीर येतील, भोकं बुजवतील, भिंत गुळगुळीत करतील, वर फोम चढवतील, आणि तुमचा बचाव सुबक रीतीने गाडला जाईल. आधी कंपनीचा सर्व्हेअर आणि शेजारी या दोघांना लेखी कळवून संयुक्त पाहणी करून घ्या. ते आले नाहीत तर आपण बोलावलं होतं याचा कागद तरी राहील. टेप लावून मापं, मापासकट फोटो, फुटलेल्या बोर्डाचा तुकडा पिशवीत. मग खुशाल बसवा, आणि तोपर्यंत क्लबला हात लावू नका. दुसरा चेंडू त्या भिंतीत गेला तर मी तुमची वकील नाही.

बसवाल तेव्हा मात्र नीट बसवा. झालेल्या नुकसानीला पॅनलचा उपयोग नसला तरी पुढच्या वर्षी पाहुण्याचा चेंडू सुटला तर 'वाजवी खबरदारी' म्हणजे काय, हे तीच दाखवतील. मागे प्लायसारखा टणक आधार, वर जाड फोम, त्यावर न फाटणारं आवरण, हे ढोबळ रूप. चेंडूचा मार त्या थरांत विरतो, भिंतीपर्यंत पोचत नाही, आणि परत उसळून खेळणाऱ्याच्या तोंडावरही येत नाही. हा शेवटचा फायदा लोक विसरतात. पाहुण्याच्या डोळ्याची भरपाई फ्लोअरिंगपेक्षा फार महाग पडते. दोन्ही बाजूंच्या भिंती झाका. उजवीच का, असं विचाराल तर एखादा डावखुरा मित्र खेळायला आला की कळेल. समोरच्या पडद्याजवळचा छताचा भागही सोडू नका.

फोमच्या आगीविषयीच्या चाचणीचा दाखला विक्रेत्याकडून मागून घ्या. साधा पॉलियुरेथेन फोम भडकून पेटतो आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. पॅनल बसवल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर पुढचा दावा 'घरात न कळवलेला बदल केला' म्हणून परत येईल. घर भाड्याचं असेल (हेही तुम्ही लिहिलेलं नाही) तर गोंदाने चिकटवू नका. स्क्रूने पट्ट्यांवर बसवा, म्हणजे घर सोडताना पॅनल कुणाची यावर नवा वाद उभा राहणार नाही.

शेजाऱ्याच्या नोटिशीत 'धाडधाड आवाज' असाही मुद्दा आहे. पॅनलने खोलीतला घुमारा कमी होतो, भिंतीवर बसणाऱ्या चेंडूचा ठोका मऊ होतो. पण मॅटवर आपटणाऱ्या क्लबचा आणि समोरच्या पडद्यावरचा दणका फरशीतून, खांबांतून पलीकडे जातच राहतो. घुमारा शोषणं वेगळं आणि आवाज पलीकडे जाऊ न देणं वेगळं. तडजोडीच्या मसुद्यात 'आवाज बंद होईल' असं लिहून देऊ नका. खेळायच्या वेळा लिहून द्या. त्या पाळणं तुमच्या हातात आहे.

तडजोड करावी का? करावी. न्यायालयात हे प्रकरण इतकं रेंगाळेल की फ्लोअरिंग एकदा बदलून पुन्हा जुनं होईल. कंपनीला कळवा की अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर आम्ही शेजाऱ्याशी वाजवी रकमेवर मिटवू आणि ती रक्कम तुमच्याकडून मागू. यावर ते काय उत्तर देतील ते देतील, पण पत्र गेलेलं असू द्या.

शेवटची गोष्ट, खरं तर पहिली. दावा नाकारल्याच्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं आहे की हरकत 60 दिवसांच्या आत लेखी नोंदवावी. तुम्ही मला लिहिलंत तो 44 वा दिवस होता. त्यातले काही दिवस तुमचं पत्र माझ्यापर्यंत पोचण्यात आणि हे उत्तर छापण्यात गेले. इतके दिवस काय केलंत ते मी विचारत नाही, बहुधा रंग बघत असाल. हरकतीचं दोन ओळींचं पत्र आजच पोच घेऊन पाठवा: नकार मान्य नाही, सविस्तर म्हणणं मागाहून देत आहोत, तोवर पॉलिसीची संपूर्ण प्रत आणि सर्व्हेअरचा अहवाल द्यावा. त्यानंतर स्टूल घ्या, छतातल्या हुकांपासून भिंतीपर्यंत टेप लावा, आणि आकडा कितीही निघाला तरी तोच मला कळवा.