मालदीवला जाताय? विला नंतर बघा, आधी जेवण आणि पोचायचं कसं ते ठरवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लग्नाचा 25वा वाढदिवस, मे अखेरीस 4 रात्री, दोघांचं मिळून साडेचार लाख, वॉटर विला (समुद्रात खांबांवर उभी केलेली खोली) पाहिजेच, तुम्ही पूर्ण शाकाहारी, मिस्टर मासेखाऊ, तुमचे गुडघे थोडे कुरकुरतात आणि एजंट म्हणतोय हाफ बोर्ड घ्या स्वस्तात पडेल. मी तीनदा जाऊन आलेय, त्यातली पहिली ट्रिप अगदी तुमच्या एजंटसारखाच सल्ला ऐकून केली होती, त्यामुळे जरा मोठंच लिहितेय, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तिथे एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट. 1972 साली कुरुंबा नावाचं पहिलं रिसॉर्ट सुरू झालं तेव्हापासून हीच पद्धत आहे. गोव्यात कसं, हॉटेलचं मेन्यूकार्ड बघून डोळे पांढरे झाले की आपण गेटबाहेर पडतो, स्कूटर काढतो आणि कुठल्यातरी खानावळीत फिश थाळी हाणून येतो. इथे गेटच नाही. चारी बाजूंनी पाणी. टपरी नाही, वाण्याचं दुकान नाही, स्विगी नाही. पाण्याच्या बाटलीपासून कॉफीपर्यंत सगळं त्याच एका मालकाकडून घ्यायचं, तो म्हणेल त्या भावाने. त्यामुळे खोलीचा रेट हा अर्धाच आकडा असतो, बाकीचा अर्धा तुम्ही तिथे चार दिवस काय खाता-पिता आणि एअरपोर्टवरून बेटावर कशा पोचता यात असतो.

आमचं काय झालं ते सांगते. हाफ बोर्ड म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. आम्ही म्हटलं दुपारी कशाला लागतंय, नाश्ता दाबून करू. आता समुद्रात दोन तास डुंबून आल्यावर माणसाला काय भूक लागते ते तुम्हाला माहितीय. पहिल्या दुपारी एक पिझ्झा, एक पास्ता, दोन लाइम सोडा आणि एक मोठी पाण्याची बाटली घेतली, मेन्यूवरच्या आकड्यांची बेरीज मनात करून ठीक आहे म्हटलं आणि सही ठोकली. शेवटच्या दिवशी बिल बघितलं तर प्रत्येक आकड्यावर सर्व्हिस चार्ज आणि वर टॅक्स. मेन्यूत खाली बारीक अक्षरात दोन प्लस काढलेले होते, ते आम्ही नक्षी समजलो होतो! रात्रीच्या जेवणात बुफे फुकट पण त्याच्यासोबतचं पाणीसुद्धा वेगळं. चार दिवसांच्या दुपारच्या खाण्याचं आणि पाण्याचं मिळून जे झालं त्यात आरामात फुल बोर्ड, म्हणजे नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण, आलं असतं. रिसॉर्टची चूक म्हणता येणार नाही, लिहिलेलं होतं, आपणच वाचलं नाही.

हिशोब सांगून ठेवते. सर्व्हिस चार्ज 10 टक्के, त्याच्यावर पर्यटन जीएसटी, तो जुलै 2025 पासून 17 टक्के झालाय. म्हणजे मेन्यूवर 100 डॉलर दिसले की खिशातून जवळपास 129 जातात. याशिवाय ग्रीन टॅक्स, रिसॉर्टमध्ये माणशी रात्री 12 डॉलर (2025 च्या आधी 6 होता), तुमच्या 4 रात्रींचे दोघांचे 96 डॉलर. एजंटच्या कोटेशनमध्ये हे सगळं धरलंय का हे त्याच्याकडून लेखी घ्या. फोनवर हो हो म्हणतात सगळेच.

आता तुमच्यासाठी काय. तुम्ही पीत नाही, मिस्टर एखादी बिअर घेणार, मग ऑल इन्क्लुझिव्हचे (खाण्यासोबत दारूही धरलेला प्लॅन) पैसे कशाला भरायचे, तो प्लॅन पिणाऱ्यांनाच वसूल होतो. तुम्ही फुल बोर्ड घ्या. पण घेण्याआधी विचारा की जेवताना पाणी आणि चहा-कॉफी त्यात आहे का, आणि बुफे सोडून दुसऱ्या रेस्टॉरंटमध्ये जेवायचं झालं तर काय. कुठे ठरावीक रकमेचं क्रेडिट देतात, कुठे सरळ पूर्ण पैसे लावतात. तुमचं मे मध्ये आहे म्हणून ठीक, पण डिसेंबरात जाणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर 24 आणि 31 ला बऱ्याच ठिकाणी गाला डिनर सक्तीचं असतं आणि त्याचे पैसे वेगळे, माणशी आकडा ऐकून सण विसराल.

दुसरा खर्च पोचण्याचा. राजधानी मालेच्या एअरपोर्टजवळच्या अ‍ॅटॉलमधली (अ‍ॅटॉल म्हणजे प्रवाळाच्या कड्यातला बेटांचा पुंजका) बेटं असतील तर स्पीडबोटने वीस मिनिटं ते पाऊण तासात पोचता. लांबची असतील तर सी-प्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान. सी-प्लेन ही एकदा तरी करायची गोष्ट आहे हे मान्य, पंधराएक माणसांचं छोटं विमान, पायलट अनवाणी पायांनी चालवतोय आणि खाली निळ्या-हिरव्या बांगड्या पसरल्यासारखी बेटं. पण जाऊन येऊन माणशी चारशे-पाचशे डॉलर सहज लागतात, आणि मुख्य म्हणजे ते फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान दुपारी साडेतीननंतर उतरणार असेल तर त्या दिवशी सी-प्लेन विसरा, रात्र मालेत किंवा शेजारच्या हुलुमाले बेटावर काढावी लागणार आणि 4 रात्रींतली एक गेली. सामानही 20 किलो आणि हातात 5, त्यावर गेलं की पैसे. तुमच्या बजेटमध्ये मी तरी स्पीडबोटवालंच बेट बघेन आणि वाचलेले पैसे जेवणात घालेन.

वॉटर विला. तुम्ही "पाहिजेच" लिहिलंय म्हणून नको म्हणत नाही, पण चारही रात्री नका घेऊ. दोन रात्री बीच विला आणि दोन रात्री वॉटर विला असं बऱ्याच ठिकाणी देतात, सामान तेच हलवतात. वॉटर विला दिसायला स्वर्ग, पण झाड एकही नाही, दुपारी डेकवर पाय ठेववत नाही, आणि जेवायला जायचं म्हणजे आधी ती लांबलचक लाकडी जेट्टी चालायची. गुडघ्यांचा विचार करा, बग्गी बोलावली तरी दर वेळी वाट बघणं आलं. बीच विलात सकाळी उठलं की नारळाच्या सावलीतून चार पावलांवर पाणी. आम्हाला खरं तर तेच जास्त आवडलं (नवऱ्याचं मत वेगळं आहे, त्याला पाण्यावरचा बाथरूम आवडला).

आणि एक, जे एजंट कधी सांगत नाहीत. मे ते ऑक्टोबर तिथे नैऋत्य मोसमी वारे, आपलाच मान्सून की. पाऊस दिवसभर कोसळत नाही, येतो तासभर झोडपतो आणि ऊन पडतं, रेटही जानेवारी-फेब्रुवारीपेक्षा बरेच कमी असतात, पण वारा पश्चिमेकडून येतो म्हणजे बेटाच्या पश्चिम बाजूला समुद्र खवळलेला. सगळ्यांना सनसेट विला हवा असतो, तो पश्चिमेला. तुम्ही सनराइज बाजू मागा. पाणी शांत, पोहता येईल आणि कित्येकदा पैसेही कमी. सूर्यास्त बघायला बारजवळ जाऊन बसा, त्याला कोण अडवतंय.

पाण्यात उतरून मासे बघायचे असतील तर हाउस रीफ (रिसॉर्टच्या बेटाभोवतीचं प्रवाळ) किनाऱ्यापासून किती जवळ आहे ते विचारा. कित्येक सुंदर विलांच्या खाली नुसती पांढरी वाळू असते, फोटोला छान, बघायला काही नाही. 2016 ला आणि परत 2024 ला पाणी तापून प्रवाळ पांढरं पडलं होतं, त्यामुळे जुने फोटो बघून भुलू नका, मागच्या दोन-तीन महिन्यांतले पाहुण्यांनी टाकलेले बघा. मोठे मांटा रे (पंखांसारखे कल्ले असलेले चपटे मासे) बघायचे असतील तर बा अ‍ॅटॉलमधलं हनिफारू, पण त्यांचा सीझन जूनपासून नोव्हेंबरपर्यंत, तुम्ही थोड्या लवकर जाताय आणि ते सी-प्लेनच्या अंतरावर आहे, सोडून द्या.

आता खाण्याचं. शाकाहारी म्हणून अजिबात घाबरू नका, किचनमध्ये आपल्याकडची नाहीतर श्रीलंकेची मंडळी असतातच आणि बुफेत डाळ, भाजी, रोटी मिळते. फक्त "व्हेजिटेरियन" एवढंच सांगून थांबू नका. तिथे मासा हा मिठासारखा वापरतात. सुकवलेला कुपा (ट्यूना हो, कोकणात आपण कुपा म्हणतो तोच) कुटून चटणीत, भाजीत कशातही जातो. "मासे नाही, सुका मासाही नाही, अंडं नाही" असं फोडून सांगा आणि बुकिंग करतानाच मेलवर लिहा. पोचल्यावर हेडशेफला भेटायचं म्हणा, ते येतात बाहेर. मला एकदा एका शेफने शेवग्याच्या पाल्याची खोबरं घातलेली भाजी करून दिली होती, आजीच्या हातची आठवली. गोडात साबुदाण्याची नारळाच्या दुधातली खीर मिळाली तर सोडू नका, तिला सागू बोंडीबाई म्हणतात, वेलचीसकट आपलीच वाटते.

मिस्टरांना मात्र सांगा की बुफेतलं सॅमन आणि लॅम्ब बाजूला ठेवा, ते सगळं विमानाने आलेलं. सकाळी मास हुनी मागा. कुपा, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू हाताने कुस्करलेलं, सोबत रोशी म्हणजे आपली पातळ पोळीच. ज्याला सुकटाची कोशिंबीर आवडते त्याला हे आवडणारच. आणि गरुधिया, माशाचं नितळ सार, भातावर लिंबू पिळून. गंमत म्हणजे मोठ्या रिसॉर्टमध्ये हे मागितल्याशिवाय मिळत नाही, पाहुण्यांना इटालियन हवं असतं ना. आठवड्यात एक मालदीवियन नाइट असते, तो वार विचारून घ्या. तिथला कुपा जाळ्याने नाही, गळाने एकेक पकडतात, चवीत फरक पडतो असं नवरा छातीठोकपणे सांगतो, मला काय कळतंय.

पाण्याखालच्या रेस्टॉरंटचं विचारलंय. पहिलं आणि नावाजलेलं इथा, रंगालीच्या कॉनरॅडमध्ये, 2005 पासून आहे, समुद्रसपाटीच्या 5 मीटर खाली आणि जेमतेम 14 माणसांची जागा. तुमच्या बजेटला ते झेपणार नाही, शाकाहारी माणसाने तेवढे पैसे मोजून डोक्यावरून जाणारे मासे बघत भाजी खायची हेही जरा विनोदीच. कधी गेलातच तर दुपारी जा, रात्री बाहेर काळोख.

बॅगेत काय नको तेही सांगते. ड्यूटी फ्रीची बाटली अजिबात नको, मालेला काढून घेतात आणि परतताना पावती दाखवून परत घ्यावी लागते. आणि पूजेची मूर्ती नेता येत नाही, कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा प्रवासात छोटा गणपती बरोबर ठेवायची सवय असेल तर यावेळी घरीच राहू दे. खाकरे, लाडू, चहा मसाला खुशाल न्या, दुपारी चारला उपयोगी पडतं. काही रिसॉर्टची घड्याळं मालेपेक्षा तासभर पुढे लावलेली असतात, परतीच्या बोटीची वेळ कुठल्या घड्याळाची ते विचारून घ्या, आमची धावाधाव झाली होती.

बजेट फारच ताणलं जात असेल तर पहिली रात्र माफुशीसारख्या गावाच्या बेटावर काढा. 2009 नंतर तिथे गेस्टहाउस निघालीत, स्वस्त आहेत, स्पीडबोटीने अर्ध्या-पाऊण तासात पोचता. दारू मिळत नाही, पोहण्याचे कपडे ठरलेल्या बीचवरच. तिथल्या हॉटेलात समोसा दिसला म्हणून उचलू नका हं, आत कुपा असतो.

आणि 25वा वाढदिवस आहे हे त्या मेलमध्ये नक्की लिहा. बेडवर पानाफुलांनी काहीतरी लिहितात आणि केक पाठवतात, बहुतेक ठिकाणी फुकट. फक्त तो केक अंड्याचा असतो, बिनअंड्याचा हवा असेल तर तेही त्याच मेलमध्ये.