दहा पुस्तकांची यादी देत नाही, एक पातळ पुस्तक सांगते

ताई, तुमचा मुलगा नववीची परीक्षा देऊन मोकळा झालाय. सकाळी सात ते दहा दहावीची व्हेकेशन बॅच आणि उरलेला दिवस मोबाइल. मागच्या सुट्टीत हौसेनं आणलेली पाच पुस्तकं तशीच कोरी राहिली, तरी या सुट्टीसाठी तुम्हाला दहा-बारा मराठी पुस्तकांची यादी हवीय. इतरांनी दिलेल्या याद्या मी पाहिल्या. पुस्तकं चांगलीच आहेत सगळी. पण तुमच्या घरी पुस्तकांची वानवा नाहीये, पाच तर आत्ताच पडून आहेत. त्यामुळे माझ्याकडून यादीत भर नको.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये मी 27 वर्षं मराठी शिकवलं. ग्रंथपालाचं पद बरीच वर्षं भरलंच गेलं नाही, म्हणून पुस्तकांच्या कपाटांच्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये असायच्या. गंमत अशी की पोरांना वाचायला वेळ मिळायचा मे महिन्यात आणि नेमकं तेव्हाच शाळेला कुलूप. शेवटी मी एप्रिलच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाला दोन-दोन पुस्तकं देऊन टाकायला लागले. पहिल्या वर्षी 11 परत आली नाहीत आणि भरपाई माझ्या पगारातून झाली. घरच्यांनी बरंच ऐकवलं. पण त्यातून पोरं काय वाचतात आणि कुठे थांबतात ते कळलं.

कळलं ते पुस्तकाच्या मागच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवरून. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे काढला की चिठ्ठीवर चिठ्ठी, शिक्क्यांची नुसती दाटी, पुठ्ठ्याला दोनदा शिवण घातलेली, एखाद्या पानावर चिंचेचा डाग. त्याच्या वरच्या फळीवर शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी ‘मृत्युंजय’. त्याची चिठ्ठी जवळजवळ कोरी. मधल्या फळीवर होतंच काय, तर शब्दकोश आणि निबंधमाला. सातवीतलं पोर फुरसुंगीच्या बन्याच्या, म्हणजे फास्टर फेणेच्या, मागे सायकल दामटत असतं, पण नववीत ओठावर मिसरूड दिसायला लागली की तेच पुस्तक वर्गात हातात धरायची त्याला लाज वाटते. मग वरच्या फळीकडे हात जातो, तिथली जाडी दिसते आणि हात खाली येतो. घरातले म्हणतात, मोबाइल आला आणि वाचन गेलं. माझ्या चिठ्ठ्या मोबाइलच्या आधीच्या आहेत आणि त्याही आठवीलाच थांबतात. मराठीत लहानांसाठी पुष्कळ आहे, मोठ्यांसाठी पुष्कळ आहे, मधल्या कुमारांसाठी मात्र फार थोडं.

यावर मला एकच उपाय सापडला. मोठ्यांसाठी लिहिलेलं, पण पातळ पुस्तक द्यायचं. पोराला ‘हे तुझ्या वयासाठी आहे’ असं कुणी सांगितलेलं आवडत नाही. ‘हे मी वाचतेय’ म्हटलं की चालतं.

हे मला आधी कळलं असतं तर माझ्या लेकीनं तेव्हाच पुस्तकं वाचली असती. मी स्वतः नववीत ‘मृत्युंजय’ दोन रात्रींत संपवलं होतं, कर्णासाठी रडले होते, म्हणून आठवीची परीक्षा संपताच तिच्या हातात तेच ठेवलं. सातशेच्या वर पानं! महिनाभर ते तिच्या उशाशी होतं. जूनमध्ये गादी उचलली तेव्हा साठाव्या पानात एसटीचं तिकीट खुणेला घातलेलं, तारीख 3 मे. बिचारी मला दुखवायचं नाही म्हणून दुसरं पुस्तकही मागत नव्हती. पुढे कॉलेजात गेल्यावर तिनं ते आपणहून वाचलं, तो भाग वेगळा. पण आठवीची ती सुट्टी मी वाया घालवली.

तर तुमच्या मुलासाठी माझं एक पुस्तक: व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. पुस्तकरूपात आली 1955 साली. पातळ आहे, खिशात नाही पण पाठीवरच्या सॅकमध्ये जाणवतही नाही. एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो आणि शाळेत पोरंच नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे रानात. एवढ्यावरून गोष्ट सुरू होते. मास्तर वयानं तुमच्या मुलापेक्षा फार मोठा नाही, आणि वाडीतली म्हातारी माणसं त्याच्याकडे पत्र वाचायला, भांडण सोडवायला येतात. आपल्याला कुणी मोठं समजतंय आणि आतून आपण घाबरलोय, हे पंधराव्या वर्षी पोराला जितकं कळतं तितकं आपल्यालाही आता कळत नाही. पुढे वाडीत तालीम उभी राहते, मग दुष्काळ पडतो. शेवट सांगत नाही.

पण नुसतं हातात देऊ नका. पहिली वीस पानं तुम्ही वाचून दाखवा. हो, पंधरा वर्षांच्या मुलाला. रात्री गच्चीवर अंथरुणं टाकता का? नाहीतर जेवण झाल्यावर भांडी घासायची त्याच्याकडे द्या आणि तुम्ही ओट्याला टेकून वाचा. समोरासमोर बसलं की त्याला शिकवणी वाटेल. हात कामात असले की कान मोकळे राहतात. रोज पाचच पानं, आणि रंगात आलं की बंद. चौथ्या दिवशी पुस्तक फ्रिजवर ठेवून विसरल्यासारखं करा.

मी हे एप्रिलमधल्या शेवटच्या तासांना करायचे. पंखा बंद, पत्रा तापलेला, अभ्यासक्रम संपलेला. एका वर्षी वाचता वाचता थांबून मी पोरांना समजावत होते की धनगर रात्री मेंढरं शेतात बांधतात. मागच्या बाकावरून आवाज आला, “बांधत न्हाईत बाई, बसवत्यात.” वर्षभर हजेरीपलीकडे तोंड न उघडलेलं पोर. उभं केलं त्याला. मग त्यानं सांगितलं: जाळी लावून मेंढरं रात्रभर शेतात बसवायची, लेंड्या-मुताचं खत जमिनीला मिळतं, शेतकरी त्याबद्दल धान्य नाहीतर पैसे देतो, आणि पाऊस लांबला की वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, उचलून पुढे. दहा मिनिटं बोलला. सगळा वर्ग गप्प, मी फळ्यापाशी उभी. त्या दिवशी तो पुस्तक मागून घेऊन गेला. जूनमध्ये परत केलं तेव्हा वर खाकी कागदाचं कव्हर होतं, जे मी घातलेलं नव्हतं.

बनगरवाडी लागू पडली नाही तर? नाही पडणार कदाचित. शहरातल्या काही पोरांना माणदेशी बोली पहिल्या पानांत अडते, वाचून दाखवायचं त्याचंही ते एक कारण. मग असं बघा की त्याला माणसं आवडतात की यंत्रं.

यंत्रं, गाड्या, ट्रेकिंग असलं काही असेल तर प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंगढांग’. हिमालयात सैन्याच्या हाताखाली रस्ता बांधणारा विश्वनाथ हा तरुण इंजिनिअर, सुरुंग, दरडी, मजूर, आणि अधिकाऱ्यांशी पडलेला खटका. ढांग म्हणजे सरळ उभा कडा. कोर्ट मार्शलही आहे, त्यामुळे पोरं पान उलटत राहतात. बनगरवाडीपेक्षा जाड आहे, पण पळतं. नियम पाळायचा की माणूस वाचवायचा, यावर माझ्या वर्गात हाणामारी व्हायची बाकी राहिली होती एकदा.

प्राणी आवडत असतील तर माडगूळकरांचंच ‘सत्तांतर’. वानरांच्या टोळीतली सत्तेची लढाई. एका दुपारचं पुस्तक, 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. यातलं काही रक्तबंबाळ आहे, तेही त्यांना चालतं.

विज्ञानाकडे ओढा असेल तर जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, आणि पुस्तक देण्याआधी हा किस्सा सांगा. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी आपली पहिली कथा पाठवली ती टोपण नावानं: नारायण विनायक जगताप. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा बायकोकडून लिहून घेतली. आणि पहिला नंबर आला. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ असं काही करतो, हे ऐकल्यावर माझ्या वर्गातली पोरं पुस्तकाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायची.

मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’बद्दल जरा थांबते, कारण तुम्ही खास विचारलंय की द्यावं की नाही. नववीतला मुकुंद, शिरोडकर नावाची मुलगी, मागे आणीबाणीचा काळ. तुमच्या मुलाला याहून जवळचं पुस्तक मराठीत सापडणं कठीण. पण त्यात पोरांच्या तोंडच्या शिव्या आहेत, ‘लाइन’ देणं आहे, शिक्षकांची टिंगल आहे. एका पालकांनी पुस्तक माझ्या टेबलावर आपटून विचारलं होतं, “हे शिकवता काय बाई?” मी म्हटलं, शिकवत नाही, त्याला आधीच येतं. ते हसले नाहीत. माझं मत विचाराल तर द्या, पण आधी स्वतः वाचा आणि दिल्यावर त्यावर एक अक्षर बोलू नका. ‘शिरोडकर आवडली का रे?’ हा प्रश्न तर चुकूनही नको, पोरगं पुस्तक मिटून जे आत जाईल ते जेवायलाच बाहेर येईल.

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ हे अमेरिकन शास्त्रज्ञाचं चरित्र बहुतेक यादीत असतं आणि असावंच, फक्त ते ‘बघ, तो गुलामाचा मुलगा किती शिकला’ असं टोचायला वापरू नका. चरित्र द्यायचं आणि वर तुलना करायची, ही आपल्या पालकांची फार जुनी खोड. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा मागितल्या तर बिनधास्त आणून द्या. भुतांनी माझ्या वर्गातली जितकी पोरं वाचती केली तितकी महापुरुषांनी केली नाहीत, खोटं कशाला सांगू.

आणखी एक सोपी वाट आहे. पाठ्यपुस्तकातला कुठला धडा त्याला आवडला ते विचारा. भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ शिकवताना, शेतकरी भर बाजारात आपलेच टोमॅटो तुडवतो तिथे, वर्गात पोरांचे चेहरे पडायचे. कित्येकांच्या घरी ते झालेलं असायचं. असा धडा सापडला की त्याच लेखकाचा कथासंग्रह आणा. ओळख झालेल्या माणसाकडे जायला पोरं लाजत नाहीत.

मोबाइल काढून घेऊ नका, निदान पुस्तकासाठी म्हणून तरी नका. पुस्तक शिक्षा वाटायला लागतं. उलट बालभारतीनं ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक, अगदी 1971 पासूनचे, इंटरनेटवर फुकट ठेवलेत. तुमच्या किंवा त्याच्या बाबांच्या लहानपणीचा एखादा अंक काढून द्या. कथेसाठी नाही वाचला तरी जुनी चित्रं आणि कोडी बघतोच.

वाचलेल्याचा सारांश लिहायला लावू नका. ‘रोज एक पान वाचून पाच ओळी लिही’ हा गृहपाठ मीच पूर्वी द्यायचे आणि पोरं मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून आणायची. एकीनं तर किंमतसुद्धा उतरवली होती.

मिस्टरांचं म्हणणं तुम्ही लिहिलंय की दहावीच्या वर्षात अवांतर वाचन नको. त्यांना एवढंच सांगा की मराठीच्या पेपरात न शिकवलेला उतारा येतो, तो कुठल्याच बॅचमध्ये पाठ करून घेता येत नाही. मला स्वतःला हा मुद्दा आवडत नाही, मार्कांसाठी बनगरवाडी म्हणजे अतीच झालं. पण घरात शांतता राहते.

आता वाचनालय. विकत आणायची घाई नको, आधीची पाच आहेतच. गावच्या सार्वजनिक वाचनालयात त्याच्या नावानं खातं उघडा, तुमच्या नाही. आमच्याकडे महिना 50 रुपये वर्गणी आणि थोडी अनामत लागते, तुमच्याकडेही फार वेगळं नसेल. अनामतीची पावती त्याच्या पाकिटात राहू द्या. पहिलं पुस्तक तुम्ही सुचवा, दुसरं तो निवडेल. तो जे काही उचलेल, मग ते गुप्तहेराचं असो नाहीतर क्रिकेटपटूचं, तोंड वाकडं न करता घरी आणा. आणि आवडलं नाही तर वीस पानांवर परत करायची मुभा द्या.

आणखी एक. आमच्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे अजून थोड्या उशिरा, म्हणजे तुमच्या हातात सहा-सात आठवडे आहेत. त्यात दोन पुस्तकं झाली तरी पुष्कळ. वाचनालयात ‘बनगरवाडी’ लगेच दिसली नाही तर निराश होऊ नका. पातळ असल्यानं ती जाड पुस्तकांच्या मागे सरकलेली असते, फळीच्या मागच्या बाजूला हात घालून बघायला सांगा.