मोफत वकिलाला खरं सांगावं का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मारामारीच्या केसमध्ये कळंबा जेलमध्ये आहे. ऐपत नसल्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने मोफत वकील दिलेत. गावात म्हणतात, ‘तो सरकारी माणूस, पोलिसांना सामील.’ म्हणून भावाने त्यांना ‘मी तिथं नव्हतोच’ असं सांगितलंय. तो तिथं होता, हे मला माहीत आहे. काय करू?
— एक बहीण, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : ताई, सरकारी वकील वेगळे, ते आरोपीच्या विरोधात उभे राहतात. तुम्हाला मिळालेले वकील भावाचेच आहेत, फक्त त्यांचे पैसे सरकार देतं. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता हा हक्क आहे. कुणाचे उपकार नाहीत.

भावाने खरं सांगावं, आणि लवकर. अशिलाने केसच्या कामासाठी सांगितलेली गोष्ट वकील त्याच्या संमतीशिवाय फोडू शकत नाही, केस संपल्यावरही नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ वाचा. पुढच्या गुन्ह्यासाठी मदत मागितली, उदाहरणार्थ साक्षीदाराला धमकावायला, तर मात्र हे संरक्षण नाही.

आता ‘नव्हतोच’चं काय होतं ते सांगते, कारण आरोपींची कामं चालवताना हे मी फार पाहिलंय. वकील त्याच धाग्यावर फिर्यादीची उलटतपासणी घेतात आणि मग चौकातल्या कॅमेऱ्याचं फुटेज लागतं किंवा मोबाईलच्या टॉवरचं रेकॉर्ड पुढे येतं. तिथून भावाच्या कुठल्याच शब्दाला वजन राहत नाही. त्याच्यावर आधी काठी उगारली गेली असेल, तर तो खरा बचाव. पण ‘मी नव्हतो’ आणि ‘मी स्वतःला वाचवलं’ हे एका तोंडी कसं चालेल? अटकेनंतर भावाची वैद्यकीय तपासणी झाली असणार. त्याच्या हातावर, डोक्यावर जखम नोंदलेली आहे का, हे वकिलांना आत्ताच बघू द्या. आणि तो दोषी असला तरी वकील त्याला सोडून देत नाहीत. पुराव्याने गुन्हा सिद्ध करणं सरकारचं काम आहे.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वकील-अशिलाच्या बोलण्यात तुम्ही बसू नका. बहिणीला हे संरक्षण नाही, तुम्हाला साक्षीला बोलावता येतं. तुम्हाला जे माहीत आहे ते गावात, फोनवर, कुणाजवळही बोलू नका. भावाला जेलमधल्या भेटीत एवढंच म्हणा, ‘वकिलांशी एकट्यानं बोल, सगळं बोल.’

हेच वकील तारखेला येत नसतील, जेलमध्ये भेटत नसतील किंवा पैसे मागत असतील, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे वकील बदलून मागायचा लेखी अर्ज द्या. भावाला तो जेलमधूनही पाठवता येतो.