वाचकांचे प्रश्न: पेलेट ग्रिल पहाटे का विझते?

प्रश्न: आम्ही ह्यूस्टनला राहतो. लाकडी पेलेटवर चालणाऱ्या ग्रिलमध्ये २२५ अंश फॅरनहाइटवर ब्रिस्केट (बीफचा छातीकडचा तुकडा) लावून रात्री निश्चिंत झोपता येते, याचे मोठे अप्रूप होते. पण पावसाळी हवेत ते दोनदा पहाटे विझले. शिवाय धुराची चव कमी लागते, अशी यजमानांची कुरकुर आहे. यंत्र सदोष आहे का?

उत्तर: बहुधा नाही. ओरेगनच्या जो ट्रेगर यांना १९८६ मध्ये ज्याचे पेटंट मिळाले, त्या रचनेत मळसूत्री दांडा पेलेट थोडे थोडे आगीच्या भांड्यात ढकलतो, पंखा वारा घालतो आणि नियंत्रक तापमान राखतो; म्हणजे फुंकणी घेऊन बसण्याचे काम यंत्र करते. मात्र पेलेट म्हणजे दाबून घट्ट केलेला भुसाच, आणि दमट हवेत तो फुगून दांड्यात अडकतो. एक पेलेट मोडून पाहा: कट्कन तुटला तर ठीक, बोटांत चुरला तर सगळा साठा काढून टाका आणि नवा घट्ट झाकणाच्या बादलीत ठेवा. यंत्र थंड झाल्यावर, वीज काढून, भांड्यातली राखही झाडावी. ती साचली की हवा कोंडते. (माझे ग्रिल ऐन पाहुण्यांसमोर विझले, ते या राखेनेच.)

धुराबाबत यजमानांचे म्हणणे रास्त आहे. पंख्यामुळे ज्वलन इतके स्वच्छ होते की धूर बेताचाच उरतो. सुरुवातीचे काही तास तापमान आणखी खाली ठेवल्यास थोडा फरक पडेल, पण लाकडाच्या ओंडक्यांवर भाजल्याची सर येणार नाही.