परसातील वाफ्यांत आणि माळ्यावर येणाऱ्या भटक्या मांजरांना कसे रोखावे?

खानापूर तालुक्यातील आपल्या कौलारू घराच्या परसात भटकी मांजरे भाजीच्या वाफ्यांत घाण करतात, माळ्यावर व्यातात, आणि त्यांना इजा न करता दूर ठेवणारा घरगुती उपाय आपल्याला हवा आहे. मीही याच पट्ट्यात परसात भाजी करतो. माझे मत असे की मांजराला हुसकावण्याचे उपाय शोधण्याआधी ते नेमके कशासाठी येते हे पाहावे, कारण ते कारण राहिले तर कोणताही वास त्याला फार दिवस अडवत नाही.

वाफ्यात ते येते मोकळ्या, कोरड्या, भुसभुशीत मातीसाठी. मेथी-कोथिंबीर पेरण्यासाठी आपण जी माती हाताने चुरून बारीक करतो, तीच त्याला शौचासाठी हवी असते. म्हणून पेरल्या दिवसापासून माती उघडी ठेवू नये. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी वाफ्यावर अंथरून कडांना दगड ठेवावेत. कोंब जाळीच्या भोकांतून वर येतात. जाळी नसेल तर तुराट्या आडव्या-उभ्या दाट टाकाव्यात, किंवा फुटक्या कौलांचे तुकडे रोपांच्या मधून मांडावेत, जे आपल्याकडे प्रत्येक घराच्या मागे पडलेले असतात. मांजर वाफ्याच्या कडेला थांबते, माती हुंगते, पुढचा पाय टाकून उकरू पाहते, आणि नखे खापरीवर घासली की पाय उचलून घेऊन दुसरी जागा शोधू लागते. ती दुसरी जागा आपणच द्यावी, म्हणजे परसाच्या टोकाला, विहिरीपासून दूर, आडोशाला थोडी कोरडी वाळू टाकून ठेवावी. बांधकामाची वाळू असेल तर ती मात्र ताडपत्रीने झाकावी. भाताचा तूस आच्छादन म्हणून घालू नये, कारण तो मऊ असतो आणि सहज उकरला जातो.

संत्र्या-लिंबाच्या सालींचा वास मांजरांना आवडत नाही हे खरे, पण तो एक-दोन दिवसांत उडतो आणि जूननंतरच्या आपल्याकडच्या पावसात तेवढाही टिकत नाही. निळ्या पाण्याच्या बाटल्यांचा काही उपयोग होत नाही. निपाणीकडची तंबाखूची भुकटी आणि संकेश्वरी तिखट सहज मिळते म्हणून ते टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नका. तंबाखूतील निकोटिन हे विष आहे, शिवाय तंबाखूवरचा विषाणूजन्य रोग टोमॅटो-मिरचीच्या रोपांना लागू शकतो. आणि तिखट लागलेला पंजा मांजर चाटते, तोच डोळ्यांवर फिरवते. डांबरगोळ्या आणि फिनाईल यांचेही तसेच आहे. फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून चालून गेलेले मांजर पाय चाटते, आणि त्यातील द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची क्षमता त्याच्या यकृतात फार कमी असते. बोक्याने दारावर मुतलेले असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन वर व्हिनेगर मिसळलेले पाणी फिरवावे, कारण जुना वास राहिला की तो पुन्हा तिथेच येतो.

माळ्याकडे येण्याची वाट बहुधा भिंत आणि कौले यांच्यामधल्या फटीतून असते. डोके शिरेल एवढ्या फटीतून मांजराचे सगळे अंग जाते, म्हणून तिथे जाळी ठोकावी. परंतु आत पिल्ले नाहीत याची बॅटरी लावून खात्री केल्याशिवाय नव्हे. पिल्ले असतील तर ती सहा-आठ आठवड्यांची होईपर्यंत थांबावे. स्वयंपाकघरातली सुकी मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि खरकटे रात्रभर बाहेर ठेवू नये.

पोत्यात घालून दूर सोडून येणे हा उपाय नव्हे. ओळखीची जागा सोडलेले मांजर अनेकदा उपाशी मरते, रिकाम्या झालेल्या जागेत दुसरे येते, आणि उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. मांजराचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचाच असल्याने ते वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा व्याते. तेव्हा गल्लीतल्या चार घरांनी मिळून पशुवैद्याकडून त्यांची नसबंदी करून घेतली, तर पिल्लेही थांबतात आणि बोक्यांचे मुतणे व भांडणेही पुष्कळ कमी होतात. भाताची पोती घरात असणाऱ्यांनी एखादे नसबंदी केलेले मांजर परसात राहू दिले, तर उंदरांवरही वचक राहतो.

वाफ्यातली घाण हातमोजे घालून रोजच्या रोज काढावी, आणि घरात गर्भवती स्त्री असेल तर ते काम तिला देऊ नये, कारण मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीचा संसर्ग होऊ शकतो. जाळी लावताना मांजराने ओरखडले किंवा चावले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जावे.